ओंजळभर मळई

आमच्या घरात सकाळ व्हायची ती याडीच्या बांगड्यांनी. याडी म्हणजे आई. मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि भाकरी थापायला बसली की त्या सगळ्या एका तालात वाजायच्या. भाकरी मोठी असली की ताल लांब, लहान असली की आखूड, त्यामुळे डोळे मिटून पडल्या पडल्या मला कळायचं की आता बाची भाकर चालली आहे की माझी. चुलीवर अंबाडीची भाजी, तव्यावर ठेचा, आणि दारात बसून बा खाकरतोय. घरात आम्ही गोरमाटी, आमची बंजाऱ्यांची बोली, बोलायचो, बाहेर मराठी. इथं मी सगळ्यांनाच मराठीत बोलायला लावलं आहे. याडी असती तर म्हणाली असती, "काहून गं, माझ्या तोंडात लोकाची भाकर कोंबून राहिलीस?"

आमचा तांडा माळावर होता. शिरड शहापूरच्या बाजाराला पायी जाता येई, शाळाही तिकडेच. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आमचे साहेबलोक सगळे परभणीला. तीस-पस्तीस घरं, एक लिंब, नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरापुढे ओटा आणि उतारावर एकच विहीर. जमीन मुरमाड. नांगर फिरवला की खडे वर यायचे आणि बा म्हणायचा, "यंदा खड्याचं पीक जोरात हाय." शेतातून येताना तो विहिरीवर थांबायचा. एखादी बाई नाहीतर पोरगी पाणी शेंदत असायचीच, तिच्यापुढे वाकून दोन्ही हातांची ओंजळ धरायचा आणि घटाघटा प्यायचा. मिशीतून पाणी गळायचं. तांब्याला हात लावायचा नाही. म्हणायचा, तांब्यानं पोट भरतं, ओंजळीनं जीव भरतो.

माझी मोठी बहीण पुतळी. मी तिला बाई म्हणायची, आमच्यात थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. ती अठराची, मी तेराची. ती शाळेत चौथीपर्यंत गेली आणि गुरांमागं लागली. मी शिकत राहिले, कारण मला गुरं जुमानत नव्हती. हे बाचं म्हणणं. बाई गोरी नव्हती, देखणी म्हणावी अशीही नव्हती, पण गाण्यात तिच्यासारखी पोरगी तांड्यात नव्हती. श्रावणातल्या तीजेची गाणी ती सांगायची आणि बाकीच्या पोरी मागं ओढायच्या. त्या साली तिची सोयरीक कळमनुरीकडच्या तांड्यावर ठरत आली होती. पोरगा एसटीत वाहक होता, स्वभावानं शांत, एकदा येऊन गेला तेव्हा त्यानं बाईकडं एकदाच बघितलं आणि नंतर चहाच्या कपातच बघत राहिला. बाई त्या कपालासुद्धा आठवडाभर हसत होती.

शाळेत आम्हाला वसमतहून सायकल हाणत येणारे एक गुरुजी होते. तळमळीचे माणूस. त्यांना त्या वर्षी स्वच्छतेचं आणि प्रदूषणाचं वेड लागलं होतं. आमच्याकडून शोषखड्डे खणून घेतले, शाळेभोवती करंज लावला, प्लास्टिकच्या पिशव्या वेचायला लावल्या आणि मडक्यात वाळू-कोळसा भरून पाणी गाळायची कृती शिकवली. "प्रदूषण कमी करण्याचे उपाय" या विषयावर निबंध लिहून घेतला. मी दहा उपाय लिहिले. झाडे लावा, सायकल वापरा, कचरा जाळू नका, सांडपाण्यावर परसबाग फुलवा. दहावा उपाय गुरुजींनी फळ्यावर लिहून दिला होता: कारखान्यांनी सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे. माझा पहिला नंबर आला, कंपासपेटी मिळाली. ते सांडपाणी मी उन्हाळ्यातच डोळ्यांनी पाहिलं होतं, आमच्याच रानात. पण कंपासपेटी मिळवताना ते तेच, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. हुशार पोरगी म्हणे!

झालं होतं असं. चैत्र सरता सरता लांबच्या कुठल्यातरी कारखान्याचे टँकर माळावरच्या रस्त्याला दिसायला लागले. उसाच्या मळीपासून दारूचा अर्क काढायचा, आणि उरलेलं काळं पाणी कुठं टाकायचं हा त्यांचा घोर. एक टँकरवाला नायकाच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबला आणि म्हणाला, "मळीचं पानी हाय, नायक. खताला एक नंबर. कुनाला पायजे तर फुकट सोडून देतो." नायकानं ऐकलं मळई. बानंही मळईच ऐकलं. आता मळई म्हणजे काय ते नदीकाठच्या माणसाला विचारा. पुरानं आणून टाकलेला लोण्यासारखा गाळ, त्यात काठी रोवली तरी पालवी फुटेल. आमच्या मुरमाड माळावरच्या माणसानं पिढ्यान् पिढ्या मळईची नुसती गोष्ट ऐकलेली. ती आपल्या दारात टँकरनं चालून आली आहे म्हटल्यावर तांडा हरखून गेला. एका इवल्याशा अक्षरानं आम्हाला खाल्लं.

नायकानं पहिला टँकर स्वतःच्या शेतात सोडून घेतला, मग नंबर लावले. बाचा नंबर लागला त्या दिवशी तो नवा फेटा बांधून रानात गेला होता. काळं, वाफाळतं, फेसाळलेलं पाणी सऱ्यांमधून पळत होतं आणि गूळ आंबल्यासारखा वास सुटला होता. याडी नाकाला पदर लावून म्हणाली, "खत असं वास मारतं व्हय?" बा म्हणाला, "शेन काय अत्तरासारखं वास मारतं का?" बिनतोड बोलणं. माती वाळली तेव्हा वर काळी साय धरली होती, तेलकट, चमकणारी. बा ती चिमटीत घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

पावसाळा लागला आणि माळावरचं पाणी उताराला आलं. उताराला विहीर. आधी पाणी चहासारखं झालं, मग गडद. लोक म्हणाले, नव्या पाण्याचा गढूळपणा आहे, बसेल खाली. तुरटी फिरवली. गुरुजींच्या कृतीनं मीही मडक्यात वाळू-कोळसा भरला. पाणी थोडं निवळलं, वास गेला नाही. प्यायला मग बाया लांबच्या ओढ्यावरून पाणी आणायला लागल्या, आणि धुण्याला, गुरांना विहिरीचं. गुरं हुंगून मागं सरायची. तरी कुणी टँकरचं नाव काढलं नाही. फुकट मिळालेल्याला नावं कशी ठेवणार? आणि नावं ठेवायची तर पहिलं नाव नायकाचं येत होतं.

अशात श्रावणात तीज आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी नायकाची परवानगी घेऊन टोपल्यांत गहू पेरतात. वारुळाची माती, थोडं खत, भिजवलेले गहू. टोपल्या नायकाच्या दारी मांडायच्या, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालायचं, आणि मग ते हिरवे कोंब वाजतगाजत पाण्यात सोडायचे. थोडे कोंब खुडून भावा-काकांच्या फेट्यात खोवायचे. आमच्याकडं म्हाताऱ्या म्हणायच्या, जिची तीज हिरवी, तिचं सासर हिरवं. आणि जिची तीज जळली तिच्यात काहीतरी खोट आहे. विटाळाचा हात लावला असेल, नाहीतर मनात पाप असेल. बाईच्या होणाऱ्या सासरची माणसं त्या वर्षी तीज बघायलाच येणार होती, आणि बघून सुपारी फुटणार होती.

टोपल्या भरायच्या दिवशी बा रानातून आला, मला हाक मारली. म्हणाला, "लीला, आपल्या शेतातली वरची मळई आनून ठेवली मी. बाईच्या टोपल्यात ओंजळभर टाक. ओंजळभरच, जादा न्हाई. तिची तीज साऱ्या तांड्यात उंच झाली पायजे." टोपल्या भरायचं काम लहान पोरींचं. बाकीच्या पोरी वारुळाची माती चाळत होत्या. मी ओंजळभर टाकली. मग वाटलं, ओंजळीनं एवढं होतं तर जास्तीनं किती होईल! आणखी एक टाकली. मग आणखी. निम्मं टोपलं काळी माती झालं तेव्हा वरून वारुळाची माती पसरून मी हात झटकले. कुणी बघितलं नाही. बाईवर माझा इतका जीव होता की मला तिची तीज लिंबाएवढी करायची होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच टोपल्यांत कोंब दिसले. पाणी त्याच विहिरीचं, कारण तीजेला विहिरीचंच पाणी लागतं, ओढ्याचं चालत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाकीच्यांचे कोंब खुरटे का होईना, पण उभे होते. बाईचे टोकाला करपले. पाचव्या दिवशी आडवे झाले. सातव्या दिवशी टोपल्यातून आंबल्याचा वास आला आणि एका म्हातारीनं सगळ्यांसमोर विचारलं, "पुतळे, कुटं हात लावलास गं?" बाई गाणं म्हणत होती. ती अर्ध्यात थांबली. त्यानंतर तिनं तीजेचं गाणं म्हटलंच नाही, त्या वर्षी नाही आणि पुढंही नाही.

पाहुणे आले. चुरमा झाला, गूळ-तुपाचा, याडीनं हात न राखता केलेला. पोराच्या आत्यानं ओट्यावर जाऊन टोपल्या बघितल्या, कोणती कुणाची ते विचारलं आणि परत येऊन चुरम्याचं ताट तसंच सरकवलं. "पोट भरलं," म्हणाली. प्रवासातून आलेल्या माणसाचं पोट असं भरत नाही. संध्याकाळच्या आत ते निघून गेले.

मी गुरुजींना जाऊन सांगितलं. सगळं सांगितलं, फक्त अर्ध्या टोपल्याचं सोडून. गुरुजी माळावर आले, विहीर बघितली, शेतातली साय बघितली आणि डोक्याला हात लावून खाली बसले. तिथं मला पहिल्यांदा मळी आणि मळईतला फरक कळला. बाला ते म्हणाले, "हे पाणी तपासून घ्या. कचेरीत अर्ज द्या, नमुना द्या. पाणी खराब आहे असा शिक्क्याचा कागद मिळाला तर कारखान्यालाही जाब विचारता येईल, आणि तुमच्या पाहुण्यांनाही दाखवता येईल." बाला कारखान्याचं काही पडलेलं नव्हतं. त्याच्या डोक्यात दुसरं वाक्य बसलं. पोरीत खोट नाही, पाण्यात आहे, असा शिक्क्याचा कागद. तो घेऊन तो कळमनुरीच्या बाजूला चालत जायला तयार होता.

अर्ज मी लिहिला. गुरुजींनी सांगितलं होतं, नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा, बूच घट्ट असावं. आता आमच्या तांड्यात काचेची, घट्ट बुचाची बाटली कुठली असणार? दारूची चपटी. मी राखेनं तीनदा घासली, उन्हात वाळवली, विहिरीचं पाणी भरलं आणि कापडात गुंडाळून दिली. मला वाचायला येतं म्हणून बा मला बरोबर घेऊन गेला. एसटीत त्यानं बाटली मांडीवर धरली होती, तान्हं लेकरू धरतात तशी.

ती कचेरी कोणत्या गावची ते मी लिहीत नाही. दारात खाकीतला एक माणूस होता. त्यानं बाचा फेटा बघितला, बगलेतलं कापड बघितलं.

"काय हाय रे त्यात?"

"पानी हाय साहेब. इहिरीचं."

"कुठून आलास?"

"तांड्यावरून."

त्यानं बूच उघडून हुंगलं आणि मोठ्यानं हसला. आतून आणखी दोघं आले. त्यांनी हुंगलं. "तांड्याचं पानी म्हनं! आरं, दिवसाढवळ्या कचेरीत हातभट्टी घेऊन आला बे हा." माणसं गोळा झाली. मी अर्ज पुढं केला, म्हणाले, "सर, ते प्रदूषित पाणी आहे, कारखान्याचं सांडपाणी..." एकानं अर्ज न वाचता माझ्या डोक्यावर टपली मारली. "कितवीत हाईस? आठवीत? शाब्बास. बापाला शिकव जरा."

मग तो खाकीतला म्हणाला, "पानी हाय ना? मग पिऊन दाखव. पिलास तर पानी, न्हाई तर चल ठाण्यात."

बानं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही. नाही म्हणावं तर दारूवाला ठरून आत जायचं. तांड्यावरच्या माणसाला आत घालायला त्यांना बाटलीचीही गरज लागत नव्हती, हे बाला त्याच्या बापापासून माहीत होतं. आणि प्यावं तर? त्यानं बाटली तोंडाला लावली नाही. जमिनीवर उकिडवा बसला, मला म्हणाला, "वत." मी ओतलं. माझ्या हातानं. तो ओंजळीनं प्याला, सगळी बाटली, घोट घोट, डोळे मिटून. मिशीतून काळं पाणी गळलं.

गर्दीतून एक चष्मेवाले साहेब पुढं आले. त्यांना वाटलं असावं की आता मिटवावं. अर्जावर नजर टाकून ते म्हणाले, "पाणी खराब आहे म्हणता, आणि माझ्यासमोर बाटलीभर प्यालात की हो! मग चांगलंच आहे ना पाणी? जा घरी." आणि अर्ज माझ्या हातात परत दिला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मला आजही वाटतं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नमुना संपला होता. बाटली रिकामी होती. परतीच्या एसटीत बा खिडकीतून ओकत राहिला आणि मधेच म्हणाला, "कागद राहिला गं लेकरा."

पुढं चार दिवस तो अंथरुणावर होता. उठला तेव्हा टँकर बंद झाले होते. आमच्यामुळं नव्हे, दुसरीकडं कुठंतरी जवळचं रान मिळालं म्हणून. नायक म्हणाला, झालं ते झालं, विहीर उपसू. आठ दिवस इंजिन लावून उपसली, पुन्हा तेच पाणी झिरपलं. गुरुजींनी दोन-तीन अर्ज केले, मग त्यांची बदली झाली. बाईचं लग्न दोन वर्षांनी झालं, बायको मेलेल्या, दोन लेकरांच्या बापाशी. माणूस वाईट नव्हता. एवढंच म्हणते. आणि बानं ओंजळीनं पाणी पिणं सोडलं. तांब्या मागायचा. मला वाटायचं, कचेरीतला तो दिवस त्याला आठवत असेल. मी विचारलं नाही.

आता पन्नाशी गाठत आली, हिंगोलीत मास्तरीण आहे, गुडघे बोलायला लागले आहेत. दर वर्षी पोरांना तोच धडा शिकवते आणि दर वर्षी पेपरात तोच प्रश्न येतो: जलप्रदूषण रोखण्याचे चार उपाय लिहा. पोरं लिहितात. कारखान्यांनी सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे. बरोबरची खूण, एक गुण. घरात कापडी पिशव्यांचा ढीग आहे, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. लेक म्हणते, "आई, तुझ्या एका पिशवीनं काय होणार आहे?" काही होणार नाही, पोरी, ठाऊक आहे मला. तरी करते. दुसरं काय येतं मला? तांड्यावर आता रिक्षानं पाण्याचे जार येतात आणि ती विहीर बुजवून तिच्यावर शेड ठोकलं आहे.

या श्रावणात बाईकडं गेले होते. बाला जाऊन आता सहा वर्षं झाली. तिच्या तांड्यावर तीज बसली होती, पोरी गात होत्या, बाई लांब ओसरीत बसून ऐकत होती. कुणाच्या टोपल्याला ती जवळही जात नाही. मला काय झालं कुणास ठाऊक, इतकी वर्षं दाताखाली धरलेलं बोलून गेले. म्हटलं, "बाई, त्या वर्षी तुझ्या टोपल्यात बानं ओंजळभरच टाकायला सांगितलं होतं. मी निम्मं टोपलं भरलं. तुझी तीज मी जाळली."

पोरींचं एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मग बाई म्हणाली, "बा मला सांगून गेला होता. म्हणाला, पुतळे, ह्या ओंजळीनं तुझी तीज मारली, म्हणून मी ओंजळीनं पानी पीत न्हाई."

मी म्हटलं, "मग तुला माहीत होतं ना, तुझ्यात काही खोट नव्हती म्हणून?"

"मला वाटलं, बा माझं मन राखून राहिला," ती म्हणाली. "ओंजळभर मातीनं कुठं काय मरतं, लीला?"